हार्ट अटॅकनंतर गोळ्यांची पिशवी घरी आली, आता पुढं काय? एकेक पायरी धरून

आमच्या आण्णांना अटॅक आला तेव्हा ते मिरजेला आत्याकडं गेले होते. पहाटे छातीत जळजळतंय म्हणून सोडा पिऊन बसले, दोन तास तसेच गेले, मग घाम सुटला आणि आत्यानं उचलून दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, पाचव्या दिवशी आम्ही त्यांना बेळगावच्या वडगावला घरी घेऊन आलो. हातात डिस्चार्ज कार्ड आणि एक कापडी पिशवी, पिशवीत सात प्रकारच्या गोळ्या.

महिन्यानं फेरतपासणीला मिरजेला परत कोण जाणार म्हणून बेळगावातच दाखवलं. नवीन डॉक्टर, नवीन चिठ्ठी, दुकानात नवीन नावं. जुन्यातल्या कुठल्या बंद करायच्या हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आई फार काटेकोर, तिनं जुन्या पण दिल्या, नव्या पण दिल्या. दोन आठवड्यांत आण्णा जिन्यावर चक्कर येऊन बसले, नाडी मोजली तर ४४. रात्री मी सगळ्या पट्ट्या जमिनीवर मांडून मोबाईलच्या टॉर्चमध्ये बारीक अक्षरं वाचली, तर दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांखाली एकच औषध, नाडी हळू करणारं मेटोप्रोलॉल. आणि अ‍ॅस्पिरिन तर एकदा सुटी गोळी म्हणून आणि एकदा तीन औषधं एकत्र असलेल्या कॅप्सूलमध्ये. गोळी एकही वाईट नव्हती हो, पण सगळी पिशवी मिळून धोक्याची झाली होती.

त्या रात्रीपासून हे सगळं शिकत आलोय, आपल्या सीमाभागात तर हे जास्तच घडतं कारण अटॅक एकीकडं, ऑपरेशन कोल्हापूर-मिरजेला, फेरतपासणी बेळगावात आणि किरकोळ ताप-खोकल्याला गावातले डॉक्टर. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं, गोळी चालू-बंद करणं हे डॉक्टरांचंच काम, खालचं वाचून स्वतः काही बंद करू नका. पण घरच्या माणसांनी काय बघायचं, काय विचारायचं हे मी सांगू शकतो.

पायरी १: वरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक नाव वाचा

प्रत्येक पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीनं दिलेलं नाव असतं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात खरं औषध आणि मिलिग्रॅम. आपल्याला ते बारीक पाहिजे. शंभर पानी वही घ्या, एका पानावर औषधाचं खरं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, कशासाठी, कुणी लिहून दिली, कुठल्या तारखेला चालू झाली एवढं लिहा. इंग्रजी वाचायला जमत नसेल तर नातवाला बसवा, शाळेतली पोरं हे झटक्यात करतात.

लिहून झालं की एकच नाव दोनदा आलंय का बघा. एका गोळीत दोन-तीन औषधं असतात त्या ठिकाणी जास्त लक्ष द्या. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल खूप चालते, ती असताना सुटं अ‍ॅस्पिरिन परत घेतलं की डबल झालं. बीपीच्या गोळीतपण टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एकत्र मिळतं.

डॉक्टरकडं जाताना नुसती चिठ्ठी नाही, सगळी पिशवी न्यायची. आयुर्वेदिक चूर्ण, गुडघ्याचं तेल, झोपेची गोळी, सगळं. आणि नवीन चिठ्ठी हातात पडली की उठायच्या आधी एकच प्रश्न: "डॉक्टर, ह्यातल्या जुन्या कुठल्या बंद करायच्या?" उत्तर वहीत त्यांच्यासमोरच लिहा आणि बंद झालेल्या गोळीवर काट मारून ती पट्टी त्याच दिवशी पिशवीतून बाहेर काढा.

पायरी २: कुठली गोळी कशाला हे समजून घ्या

हे कळलं नाही की माणूस गोळ्या सोडतो. आण्णाच म्हणायचे, "आता काय दुखत नाही, तेवढ्या गोळ्या कशाला गिळालोय मी?" न दुखणं हेच त्या गोळ्यांचं काम आहे हे त्यांना पटवायला मला पंधरा दिवस लागले.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सगळ्यात महत्त्वाच्या. खरंतर त्यानं रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही, रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी होते ती थांबते. अ‍ॅस्पिरिन साधारण ७५ मिलिग्रॅम, जेवणानंतर, बहुतेकांना कायमची. तिच्या जोडीला दुसरी एक असते: क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल, तिघींतली एकच. दोन्ही मिळून साधारण वर्षभर चालतात, रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर ही मुदत कमी करतात. आपण होऊन मध्येच सोडली तर स्टेंटच्या आत गुठळी होऊन परत अटॅक येऊ शकतो आणि तो फार वाईट असतो, म्हणून ही पट्टी संपायच्या आठ दिवस आधीच आणून ठेवायची.

ह्या तिघींत आपल्या माणसाला कुठली सुरक्षित हे बघताना डॉक्टरांना काही गोष्टी माहीत असल्याच पाहिजेत. आधी कधी लकवा किंवा अर्धांगाचा छोटा झटका आला असेल तर प्रासुग्रेल देत नाहीत, आणि वय ७५ च्या वर किंवा वजन ६० किलोच्या खाली असेल तर ती जपूनच. टिकाग्रेलॉर दिवसातून दोन वेळा असते त्यामुळं विसराळू माणसाचं अवघड होतं, आणि काहींना ती घेतल्यावर उगाच धाप लागल्यासारखं वाटतं. तसं झालं तर घाबरून गोळी टाकून देऊ नका, फोन करा, धाप हृदयामुळं आहे की गोळीमुळं हे डॉक्टर ठरवतील आणि पाहिजे तर बदलून देतील. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, त्यानं क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, त्याऐवजी पँटोप्राझोल देतात. आमच्या शेजारी एका काकूंना क्लोपिडोग्रेल आणि ओमेप्राझोल दोन्ही चालू होत्या, अ‍ॅसिडिटीची गोळी काय करणार म्हणून कुणी विचारलंच नव्हतं.

स्टॅटिन म्हणजे अटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन. लोक म्हणतात माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे मग ही कशाला? ती नुसती कोलेस्टेरॉलची गोळी नाही, रक्तवाहिनीतला जो थर फुटून अटॅक येतो तो थर ती स्थिर करते. अटॅकनंतर सहसा मोठा डोस असतो, अटोर्वास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४०. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली आणि जमलं तर ५५ च्या खाली आणायचा प्रयत्न असतो, त्यामुळं लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलंय म्हणून गोळी बंद करू नका, तो नॉर्मल अटॅक न आलेल्या माणसाचा. थोडं अंग दुखणं काहींना होतं, पण मांड्या-दंड खूप दुखायला लागले, अशक्तपणा आला, लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल. नाडी हळू करते, हृदयावरचा ताण कमी करते. दमा असेल तर आधी सांगा. शुगर असेल तर हेपण माहीत असू द्या की शुगर उतरल्यावर जी धडधड होते ती ह्या गोळीमुळं झाकून जाते, घाम मात्र येतो, म्हणून घाम आला की शुगर तपासा. अचानक बंद करणं धोक्याचं. अलीकडच्या काही अभ्यासांत असं दिसलं की ज्यांच्या हृदयाचं पंपिंग चांगलं राहिलंय त्यांना ह्या गोळीचा फायदा फारसा नसेलही, त्यामुळं वर्षभरानं "ही अजून लागते का?" असं विचारण्यात काही गैर नाही, पण विचारायचं, स्वतः सोडायची नाही.

रामिप्रिल सारख्या गोळ्या बीपी आणि हृदयाचा आकार सांभाळतात. त्यानं काहींना कोरडा खोकला लागतो. आपल्याकडं मग माणूस तीन महिने खोकल्याची बाटली पितो, डॉक्टरांना सांगितलं तर ते टेल्मिसार्टन सारखी गोळी बदलून देतात आणि खोकला जातो. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर मात्र ती इमर्जन्सी, गोळी परत घ्यायची नाही आणि लगेच दवाखाना. घरात तरुण बाईला अटॅक आलेला असेल तर दिवस राहण्याचा विचार डॉक्टरांना आधी सांगितलाच पाहिजे, रामिप्रिल-टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाहीत, स्टॅटिनबद्दलपण आधीच विचारावं लागतं.

पंपिंग कमी असेल तर अजून काही येतात: स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटच्या दोन शुगरच्या म्हणून माहिती आहेत, शुगर नसतानापण हृदयासाठी देतात, गोंधळू नका.

पायरी ३: पिशवीत काय येऊ द्यायचं नाही

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. हृदयाच्या गोळ्या डॉक्टर विचार करून देतात, पण घरात शिरते ती दुखण्याची गोळी.

आण्णांनी उभा जन्म मागावर काढला, गुडघे आणि पाठ कायम धरलेली. असं दुखणं असलेली माणसं आपल्याकडं घरोघरी आहेत, ऊसतोडीला जाणारी, निपाणीकडं तंबाखूच्या शेतात वाकून काम केलेली. दुकानात जाऊन "अंगदुखीची द्या" म्हटलं की मिळतं ते डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड नाहीतर एटोरिकॉक्सिब. अटॅकनंतर ह्या गटातल्या गोळ्या टाळायच्या. परत अटॅक यायचा धोका वाढतो, बीपी वाढतं, अंगात पाणी धरतं, किडनीवर ताण येतो आणि अ‍ॅस्पिरिनबरोबर घेतलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामातच आडवं येतं. ह्याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब नावाचं औषध हृदयाच्या त्रासामुळंच २००४ मध्ये जगभरातून मागं घेतलं होतं. गावात कंबर धरली की जे इंजेक्शन मारतात ते बऱ्याचदा डायक्लोफेनॅकच असतं, म्हणून सुई घ्यायच्या आधी "मला स्टेंट आहे" हे सांगायचंच.

मग दुखलं तर काय? साधं पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५०, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. पण पट्टी नीट वाचा. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आपल्याकडं भरपूर खपते, पॅरासिटामॉल हा शब्द दिसला म्हणून आई एकदा तीच देणार होती. पट्टीवर पॅरासिटामॉल एकटंच पाहिजे. बाकी शेक, डॉक्टरांना विचारून लावायचं मलम, थोडा व्यायाम.

सर्दीच्या गोळ्या. नाक मोकळं करणारं फिनायलेफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन त्यात असतं, बीपी आणि धडधड वाढवतं. अटॅक आलेल्या माणसाला वाफ आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बऱ्या.

अ‍ॅसिडिटीच्या गोळीत पँटोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ह्या अँटिबायोटिक बाबतीतपण तेच, क्लॅरिथ्रोमायसिन तर अटोर्वास्टॅटिनबरोबर घेतलं की स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. आणि खायचा सोडा किंवा फसफसणारी पुडी म्हणजे भरपूर सोडियम, रोज नको.

शुगर असणाऱ्यांनी पायोग्लिटाझोन चालू आहे का बघा. पंपिंग कमी असेल तर ती अंगात पाणी धरून त्रास वाढवते.

लैंगिक शक्तीच्या गोळ्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मीच स्पष्ट लिहितो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. 'शक्तिवर्धक' म्हणून विकणाऱ्या पुड्यांतपण हे मिसळलेलं सापडलंय. लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगा, १०८ च्या माणसालापण सांगा.

आता झाडपाला. माझा आयुर्वेदाला विरोध नाही, पण बाजारात बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्या मिळतात त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं असतं, दोन दिवसांत आराम पडतो तो त्यामुळंच. ज्येष्ठमध रोज खाल्लं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. लसणाच्या, हळदीच्या कॅप्सूल रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात, आमटीतली लसूण-हळद काही करत नाही, ती खा. उलट 'कमी सोडियमचं मीठ' बीपीला चांगलं म्हणून आणतात, त्यात पोटॅशियम असतं, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम आधीच वाढायच्या बेतात असतं. ह्यात किडनी नाजूक असेल तर रोजचं शहाळंपण विचारूनच.

आणि तंबाखू. विडी, मशेरी, गुटखा, पानातली चिमूटभर, सगळं त्यात आलं. ती चालू ठेवून वरच्या सगळ्या गोळ्या घेणं म्हणजे एका हातानं भरून दुसऱ्या हातानं सांडणं. एकदम जमत नसेल तर निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या.

पायरी ४: दुकानात

मिरजेच्या चिठ्ठीतली कंपनी बेळगावात मिळत नाही, खानापुरात तर अजिबात नाही, मग दुकानदार दुसरी देतो. देऊ दे, चूक नाही. फक्त औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे ना हे वहीशी ताडून बघा. मेटोप्रोलॉलमध्ये दिवसभर हळूहळू सुटणारी आणि साधी असे दोन प्रकार आहेत, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हळूहळू सुटणारी गोळी चुरडून द्यायची नाही, वरून आवरण असलेलं अ‍ॅस्पिरिनपण रोज घेताना चुरडायचं नाही.

पैशाची ओढाताण असेल तर गोळ्या एकाआड एक दिवस घेऊ नका, जनऔषधी केंद्रात ह्यातली बहुतेक औषधं जेनेरिक नावानं पुष्कळ स्वस्त मिळतात. अर्धी पट्टी कापून घेतली तर नाव आणि मुदत असलेला भाग आपल्याकडं राहील असं बघा. बिल जपून ठेवा.

पायरी ५: जेव्हा नेहमीसारखा दिवस नसतो

जुलाब-उलट्या लागल्या, पाणी पोटात टिकत नाही, अशावेळी रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन ह्यांनी त्रास होऊ शकतो, त्याच दिवशी फोन करून कुठल्या थांबवायच्या विचारा. कडक उपवासाचंही तसंच. एकादशीला आण्णा आता पाणी आणि फळं घेतात, शुगरच्या गोळ्यांचं आधी विचारून.

पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका असते, प्लेटलेट कमी झाल्या आणि वर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असल्या तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून रक्त लवकर तपासा, आणि गोळ्यांचं हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल.

दात काढायचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मूळव्याध, काहीही असो, "आठ दिवस रक्ताच्या गोळ्या बंद करा" असं कुणी सांगितलं तर दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. दातासाठी तर बहुतेक वेळा बंद करावी लागतच नाही.

सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला, पंढरीला जाताना गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, थोड्या स्वतःच्या खिशात थोड्या बरोबरच्या माणसाकडं, आणि वहीच्या त्या पानाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये.

एखादी गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

पायरी ६: तपासण्या

रामिप्रिल किंवा त्या जातीची गोळी चालू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम. स्टॅटिन चालू झाल्यावर साधारण ४ ते १२ आठवड्यांत कोलेस्टेरॉल. घरी बीपी आणि नाडी, नाडी ५० च्या खाली आणि चक्कर असेल तर लगेच कळवा. शौच डांबरासारखं काळं झालं, नाकातून रक्त दाबूनही थांबेना, उलटीत रक्त दिसलं तर थेट दवाखाना. फ्लूची लसपण विचारा, अटॅक आलेल्यांना ती देतात.

पायरी ७: परत छातीत दुखलं तर

हे पान मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. बसवायचं, चालवायचं नाही. सॉर्बिट्रेट ५ ची एक गोळी जिभेखाली, बसूनच, उभं राहून घेतलं तर चक्कर येऊन पडायची भीती. आधीच चक्कर येत असेल, बीपी पडलेलं असेल तर द्यायची नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही की १०८. अ‍ॅस्पिरिन चावून द्यायचं की नाही आणि किती हे आधीच डॉक्टरांना विचारून त्याच पानावर लिहून ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको. सोडा पाजून वाट बघायची नाही, आमचे दोन तास तसेच गेलेत.

१०८ वर कन्नडमध्ये बोलायची वेळ येते आणि घाबरलेल्या आईला शब्द सुचत नाहीत, म्हणून तिला तीन वाक्यं पाठ करून घेतलीत. "एदे नोवु इदे." छातीत दुखतंय. "हार्ट अटॅक आगित्तु, स्टेंट हाकिदारे." अटॅक येऊन गेलाय, स्टेंट घातलाय. "बेग बन्नी." लवकर या. त्याच्याखाली घराचा पत्ता आणि जवळच्या मारुतीच्या देवळाची खूण, आणि कोपऱ्यात खिळ्याला गोळ्यांची पिशवी, अँब्युलन्समध्ये माणसाबरोबर तीपण गेली पाहिजे.